धातूचे वजन आणि घडणावळ : मराठी विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद

प्रास्ताविक

धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव तेथील जुन्या किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खान्देशात परिचित आहे. घडवलेल्या भांड्याच्या किमतीचे दोन भाग असतात. एक धातूच्या वजनाचा आणि दुसरा घडणावळीचा. वजन तराजू सांगतो. घडणावळ जाणण्यासाठी मात्र भांडे हातात घ्यावे लागते. त्याचा काठ, त्याचे बूड, त्यावरील ठोक्यांची सारखी ओळ न्याहाळावी लागते. जड भांडे बेढब असू शकते आणि हलके भांडे सुबक. केवळ तराजूवर विश्वासणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कधीच कळत नाही.

मराठीतील विज्ञानकथा, विज्ञानकादंबरी आणि अद्भुतकथा यांच्याविषयी गेल्या पन्नास वर्षांत झालेली चर्चा पाहिली असता या दृष्टांताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या प्रकारांतील कोणत्या कृती थोर आणि कोणत्या केवळ करमणुकीच्या, असा वाद वाचकांमध्ये सतत चालत आलेला आहे. तथापि या वादात धातूचे वजन, म्हणजे कृतीतील विज्ञान, कृतीतील संदेश किंवा कृतीमागचे नाव हेच बहुधा मोजले गेले. घडणावळीकडे, म्हणजे कल्पित जग कसे उभे राहिले आणि त्याने वाचकाच्या नित्याच्या जगावर कोणता प्रकाश टाकला याकडे, समीक्षेने फारसे लक्ष दिले नाही. या दुर्लक्षाची कारणे शोधणे आणि काही निवडक कृतींच्या आधारे वेगळ्या कसोटीची शक्यता तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे ‘अद्भुतकथा’ ही संज्ञा नित्याच्या अनुभवात न घडणारे, परंतु स्वतःच्या नियमांनी चालणारे जग उभे करणाऱ्या कथा-कादंबरीसाठी व्यापक अर्थाने वापरली आहे. विज्ञानकथा ही त्याच कुळातील एक शाखा होय; तिच्यातील नियम विज्ञानाकडून येतात, एवढेच तिचे वेगळेपण.

अद्भुतावरील जुना आक्षेप

मराठी कादंबरीचा आरंभ आणि अद्भुताविषयीचा संशय या दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीनेच जन्माला आल्या. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही सामाजिक प्रश्नाची कादंबरी आधी आली. परंतु तिच्या पाठोपाठ वाचकांनी उचलून धरली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६७) यांसारखी अद्भुतरम्य कादंबरी. रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत या निवडीचे कारण मोकळेपणाने दिले आहे. आपल्या समाजाच्या रोजच्या जीवनात मन वेधून घेईल असे फारसे काही घडत नाही, त्यामुळे रंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे विधान वरवर पाहता शरणागतीचे वाटते. पण त्यात एक सूक्ष्म समाजनिरीक्षण आहे. ज्या समाजात व्यक्तीला स्वतःच्या आयुष्याची निवड करण्यास वाव नाही, त्या समाजात निवडीची गोष्ट सांगण्यासाठी लेखकाला दुसरे जग कल्पावे लागते.

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल’ आणि नाटक यांविषयी निबंध लिहून या नव्या लेखनाच्या चिकित्सेला आरंभ केला. पुढे हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ (१८८५) आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबऱ्यांनी मध्यमवर्गीय घराचे वास्तव मराठीत आणले. हा बदल निःसंशय मोलाचा होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, वास्तव म्हणजे गंभीर आणि अद्भुत म्हणजे बालिश, ही विभागणी समीक्षेच्या मनात कायमची ठसली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा पिढ्यांनी आवडीने वाचल्या; मात्र त्यांची जागा बालवाङ्मयाच्या कपाटात ठरून गेली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि गूढ कथांना हक्काचे घर दिले. पण त्या घराकडे समीक्षक क्वचितच फिरकले.

टोपणनावाची कसोटी

या पार्श्वभूमीवर १९७४ मधील एक घटना महत्त्वाची ठरते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव धारण करणारे लेखक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या अक्षरात पाठवण्यात आली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर केलेल्या संशोधनामुळे नारळीकरांचे नाव तोपर्यंत घराघरांत पोहोचले होते. वयाच्या तिशीपूर्वीच, १९६५ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्या नावाचे वजन तराजूत पडू नये, कथा कथा म्हणूनच जोखली जावी, ही त्यांची इच्छा यामागे स्पष्ट दिसते. मराठी वाङ्मयव्यवहारात घडणावळीची इतकी प्रामाणिक परीक्षा क्वचितच झाली असेल.

पुढे जे घडले त्यात मात्र एक विरोधाभास आहे. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा संग्रह आला आणि विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा मिळाली. परंतु ही प्रतिष्ठा बऱ्याच अंशी नारळीकर या नावाभोवती उभी राहिली. नाव लपवून स्पर्धेत उतरलेल्या लेखकाचेच नाव पुढे संपूर्ण प्रकाराचे प्रमाणपत्र होऊन बसले. इतर विज्ञानकथाकारांची ओळख करून देतानाही ‘नारळीकरांनंतरचे’ किंवा ‘नारळीकरांच्या परंपरेतील’ असे शब्द वापरले गेले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाची प्रकृती एकमेकांहून पुष्कळ भिन्न असताना त्या सर्वांना एकाच रांगेत उभे करण्यात आले. फोंडके यांनी ‘इट हॅपन्ड टुमारो’ (१९९३) या नॅशनल बुक ट्रस्टच्या इंग्रजी संग्रहातून भारतीय भाषांतील विज्ञानकथा एकत्र आणल्या, त्यालाही आता तीन दशके उलटली. तरीही मराठीत या लेखकांच्या कृतींचे तुलनात्मक मूल्यमापन आजही तुरळकच आढळते.

नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या वाट्याला आलेला सन्मान मोठा आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न इतकाच की, साहित्य अकादमीची दाद शास्त्रज्ञाच्या जीवनकथेपर्यंत पोहोचली, त्याच्या कल्पित कथेपर्यंत पोहोचली नाही, याचा अर्थ काय लावावयाचा?

तीन वाचक, तीन मापे

या प्रकारांच्या श्रेष्ठत्वाविषयी वाद घालणारे वाचक स्थूलमानाने तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट विज्ञाननिष्ठ वाचकांचा. कथेतील विज्ञान अचूक आहे काय, ते वाचकापर्यंत पोहोचते काय, हे त्यांचे माप. विज्ञानकथेने लोकांपर्यंत विज्ञान न्यावे, ही भूमिका नारळीकरांनी स्वतः वेळोवेळी मांडली असल्याने या मापाला अधिकारही लाभला. शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानदिन, निबंधस्पर्धा आणि पारितोषिक म्हणून दिली जाणारी पुस्तके यांमधून हेच माप रुजले. या मापात तथ्य आहे. विज्ञानाचे नियम गृहीत धरून ते मध्येच मोडणारी कथा फसवी ठरते. पण अचूकता ही विज्ञानकथेची पूर्वअट आहे. ती तिची थोरवी नव्हे. तांबे शुद्ध असणे आवश्यक, परंतु तेवढ्याने हंडा घडत नाही.

दुसरा गट वाङ्मयनिष्ठ वाचकांचा. या कथांतील पात्रे सपाट असतात, संवादांतून व्याख्यान डोकावते, भाषेला स्वतःचा पोत नसतो, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही. स्पर्धांसाठी लिहिल्या गेलेल्या अनेक कथांत एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला, जे दोघांनाही ठाऊक असावयास हवे, तेच समजावून सांगत बसतो. त्यातच मराठी विज्ञानसाहित्याचा मोठा भाग कथारूपात आहे. जळगाव जिल्ह्यातील सांगवी या गावचे भालचंद्र नेमाडे यांनी कथा या प्रकाराच्याच वाङ्मयीन सामर्थ्याविषयी घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. त्यामुळे विज्ञानकथेवर दुहेरी गौणत्व लादले गेले : एक कथा म्हणून आणि दुसरे विज्ञानकथा म्हणून.

तिसरा गट रंजननिष्ठ वाचकांचा. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या भयकथा आणि अद्भुत कादंबऱ्या रात्र जागून वाचणारा हा वाचक समीक्षकांच्या दाराशी कधी गेला नाही आणि समीक्षकही त्याच्याकडे आले नाहीत. फिरती वाचनालये, भाड्याने पुस्तके देणारी दुकाने आणि बसस्थानकावरील स्टॉल ही त्याची विद्यापीठे. पुस्तक हातातून सुटत नाही, हे त्याचे एकमेव माप. हेही माप अपुरे असले तरी तुच्छ नाही. कारण वाचकाला खिळवून ठेवणे ही घडणावळीचीच एक बाजू आहे.

हे तिन्ही गट एकाच कृतीविषयी बोलताना दिसले तरी वस्तुतः ते तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. म्हणून त्यांचा वाद मिटत नाही. त्यातून निष्पन्न होणारी ‘श्रेष्ठ’ पुस्तकांची यादी ज्या गटाचा आवाज मोठा त्याची असते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ : रिकाम्या खुर्चीचा अर्थ

घडणावळ पाहावयाची म्हणजे नेमके काय, हे नारळीकरांच्याच एका प्रसिद्ध कथेवरून स्पष्ट करता येईल. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले, त्यामुळे ती देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जेथे पानिपतचे तिसरे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे चुकली आहे. कथेच्या अखेरीस राजेंद्र देशपांडे हे पात्र या चमत्काराचा उलगडा आपत्तीचा गणिती सिद्धांत आणि पुंजवाद यांच्या आधारे करते.

विज्ञाननिष्ठ वाचक या उलगड्याला कथेचा गाभा मानतो. वर्गातही बहुधा हाच भाग शिकवला जातो. वाङ्मयनिष्ठ वाचक त्याच उलगड्याला कथेचा दोष मानतो, कारण तेथे कथा थांबते आणि पाठ सुरू होतो. दोघांचेही लक्ष धातूवर आहे. कथेची घडणावळ पाहावयाची तर आझाद मैदानावरील प्रसंगाकडे वळावे लागेल. गंगाधरपंत हे असंख्य सभांचे अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ. त्या दुसऱ्या मुंबईत ते एका व्याख्यानाला जातात, तर व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. लोहचुंबकाने ओढावे तसे ते तिच्याकडे ओढले जातात. परंतु त्या समाजाने अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढलेली असते. श्रोते अध्यक्षीय भाषण ऐकून घेण्यास तयार नसतात आणि पंतांना व्यासपीठावरून हुसकले जाते.

हा प्रसंग हास्यकारक आहे. पण तो केवळ विनोदासाठी आलेला नाही. पानिपत जिंकलेला महाराष्ट्र कसा असता, या प्रश्नाला मराठी मनाने नेहमी अभिमानाचे उत्तर दिले आहे. नारळीकर वेगळे उत्तर सुचवतात. जिंकलेला समाज हा खुर्चीभोवती न फिरणारा समाज असता. आणि पराभवाची खरी खूण रणांगणावर शोधण्यापेक्षा आपल्या सभासंमेलनांच्या व्यासपीठावर शोधावी, असे ही कथा हळूच सांगून जाते. म्हणजे पर्यायी इतिहासाची वैज्ञानिक कल्पना येथे सांस्कृतिक उपरोधाचे साधन झाली आहे. शीर्षकातील ‘पानिपत’ गंगाधरपंतांचे आहे, मराठ्यांचे नव्हे, हे येथे ध्यानात येते. कथेतील बखरीचे फाटलेले पान हा त्या जगाचा एकमेव पुरावा उरतो. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या हाती शेवटी एक कागदाचा तुकडाच राहावा, यातील मार्मिकता पुंजवादाच्या परिच्छेदाहून अधिक काळ टिकणारी आहे. ही कथा थोर ठरत असेल तर ती या कारणाने.

‘वामन परत न आला’ : बळीच्या बाजूने वाचन

कादंबरीच्या बाबतीत हाच विचार ‘वामन परत न आला’ या नारळीकरांच्या कृतीला लावून पाहता येतो. जमिनीखाली सापडलेल्या एका पेटीतून लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान मानवाच्या हाती येते. त्या ज्ञानातून ‘वामन’ हा यंत्रमानव तयार होतो. असा यंत्रमानव स्वतःसारखेच यंत्रमानव घडवू लागला तर मानवाचे काय होईल, या भीतीवर कादंबरीचा ताण उभा आहे. आज यंत्रबुद्धीविषयी जगभर जी चर्चा चालू आहे तिच्या पार्श्वभूमीवर ‘लेखकाने भविष्य वर्तवले’ अशी दाद या कादंबरीला सहज मिळू शकेल. परंतु भाकीत खरे ठरले म्हणून कृती थोर ठरत नाही, तसे ते चुकले म्हणून ती क्षुल्लकही ठरत नाही. हेही पुन्हा वजनाचेच माप झाले.

कादंबरीची खरी करामत शीर्षकात दडलेली आहे. वामनाची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. लहानखुरा बटू तीन पावले जमीन मागतो आणि दान मिळताच त्रिभुवन व्यापतो. उपयुक्त, आज्ञाधारक आणि आटोपशीर दिसणाऱ्या यंत्राला हे नाव देताच पुढचा सारा धोका एका शब्दात सूचित होतो. त्याचबरोबर मानवजात बळीच्या जागी जाऊन उभी राहते. ही जागा खान्देशातल्या वाचकाला अनोळखी नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या घरी दिवाळीत बळीचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा बोलून दाखवत ओवाळले जाते. लोकमानसात बळी हा पराभूत दानव नसून फसवला गेलेला उदार राजा आहे. सोनगीर परिसरातील शेतकरी कुटुंबातून आलेला विद्यार्थी ही कादंबरी वाचतो तेव्हा देणाऱ्याचा भोळेपणा आणि घेणाऱ्याची वाढ हा अनुभव त्याला पुराणातूनच नव्हे, तर व्यवहारातूनही माहीत असतो. ‘परत न आला’ या शब्दांतील दिलासा त्यामुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. पुराणात वामनाला थांबवता आले नव्हते. येथे मानव त्याला थांबवू शकतो काय, हा प्रश्न मिथकाच्या विरुद्ध दिशेने विचारलेला आहे.

या वाचनाने कादंबरीतील उणिवा नाहीशा होत नाहीत. पात्रांच्या अंतरंगात लेखक फारसा उतरत नाही. अनेकदा ती कथानकाची गरज भागवण्यापुरतीच वावरतात. मिथकाने दिलेली खोली माणसांच्या चित्रणात सर्वत्र उतरलेली नाही. समीक्षेने हे दोन्ही एकाच वेळी सांगितले पाहिजे. गौरव करताना उणीव झाकणे आणि उणीव दाखवताना सामर्थ्य नाकारणे, या दोन्ही प्रवृत्तींनी या प्रकाराचे सारखेच नुकसान केले आहे.

नाव बदलून मिळालेला मान

मराठीत अद्भुताला मान्यता मिळालीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कोणत्याही परिचित प्रदेशात घडत नाहीत. त्यांतील नगरे, विधी, शपथा आणि शाप हे सर्व कल्पित आहे. दुसऱ्या भाषेत अशा कृतींची गणना निःसंकोचपणे अद्भुतकथेत झाली असती. मराठी समीक्षेने मात्र त्यांचा गौरव रूपककथा, दृष्टांतकथा, नियतीची कथा अशा संज्ञांनी केला. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि जी. एं.नी तो परत केला, हेही सर्वश्रुत आहे. जी. एं.ची थोरवी वादातीत आहे. परंतु त्यांना थोर ठरवण्यासाठी त्यांचे अद्भुत आधी अद्भुतपणातून मुक्त करावे लागले, हे लक्षणीय आहे. परिणामी ‘इस्किलार’ आणि धारपांची एखादी कादंबरी शेजारी ठेवून दोन लेखक अपरिचित जगाची दहशत कोणत्या साधनांनी निर्माण करतात, हा साधा तुलनात्मक प्रश्नही विचारला गेला नाही.

तो विचारला असता तर धारपांनाही न्याय मिळाला असता. तो न्याय सरसकट स्तुतीचा मात्र नसता. ‘लुचाई’चे स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते जाणत्या वाचकांनी ओळखलेले आहे. उसनवारी ही गोष्ट समीक्षेने स्पष्टपणे नोंदवलीच पाहिजे. परंतु परकीय भय मराठी वाड्याच्या माजघरात, तळघरात आणि देवघरात आणून वसवण्याचे कसबही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती, आणि त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले. रंजनकथा मानला गेलेला लेखक आणि मान्यताप्राप्त वास्तववादी कादंबरीकार एका चित्रपटात असे एकत्र यावेत, ही बाब मराठी समीक्षेने आखलेल्या सीमारेषा किती कृत्रिम आहेत हे दाखवण्यास पुरेशी आहे.

इतरत्रचा अनुभव

हा वाद केवळ मराठीपुरता नाही. इंग्रजी विज्ञानकथेच्या जगात १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सदस्य-वाचकांच्या मतांनी ठरतात. नेब्युला पुरस्कार लेखक ठरवतात. वाचकांची आणि लेखकांची दाद वेगवेगळी नोंदवण्याची ही व्यवस्था आहे. २००१ मध्ये ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’ला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला तेव्हा मुलांच्या पुस्तकाला आणि अद्भुतकथेला हा मान मिळावा काय, हा प्रश्न पुन्हा पुढे आला. २००७ मध्ये डोरिस लेसिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर हॅरल्ड ब्लूम यांच्यासारख्या समीक्षकाने त्यांच्या विज्ञानकथांचा उल्लेख अवहेलनेने केला. लेसिंग मात्र त्या लेखनाविषयी कधीही क्षमायाचक नव्हत्या आणि १९८७ मध्ये ब्राइटन येथील विज्ञानकथा संमेलनाच्या त्या सन्माननीय पाहुण्या होत्या. काझुओ इशिगुरो यांच्या ‘द बरीड जायंट’ (२०१५) या कादंबरीला अद्भुतकथा म्हणावे की नाही यावरून उर्सुला ली ग्विन यांनी घेतलेला आक्षेप तर जी. एं.च्या संदर्भात फार बोलका आहे. गंभीर साहित्यिकाने अद्भुताची साधने वापरावीत पण त्याचे नाव टाळावे, ही वृत्ती त्यांना सलली होती.

या अनुभवातून घ्यावयाचा बोध पुरस्कारांच्या संख्येचा नाही. तेथे वाचक, लेखक आणि समीक्षक यांच्या दादी वेगळ्या नोंदल्या गेल्या, परस्परांना भिडल्या आणि त्यातून कसोट्यांची चर्चा घडली. मराठीत दाद मिळाली, पण कसोटी बोलली गेली नाही.

वर्गातील प्रश्न

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने ‘तुंबाड’ पाहिलेला असतो, हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद वाचलेले असतात. टोल्किनची त्रयी मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादातून मराठीत उपलब्ध आहे. घरी त्याने आजीकडून अहिराणीतील राक्षसांच्या, बोलणाऱ्या पाखरांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. म्हणजे कल्पनेच्या जगाशी त्याचा परिचय दुहेरी आहे. एक परंपरा त्याला मौखिक वारशाने मिळाली आणि दुसरी आधुनिक माध्यमांनी दिली. मराठीचा अभ्यासक्रम यांपैकी पहिलीला लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत आणि दुसरीला बहुधा वर्गाबाहेर ठेवतो. दोहोंना जोडणारी भाषा विद्यार्थ्याला कोणी देत नाही. परिणामी जे त्याला मनापासून आवडते ते अभ्यासाच्या योग्यतेचे नाही आणि जे अभ्यासाचे आहे ते आवडण्याचे कारण नाही, असा चुकीचा धडा तो नकळत शिकतो. वाचक घडण्याच्या वयात या धड्याची किंमत फार मोठी असते.

यावर उपाय म्हणजे कोणत्या तरी विज्ञानकादंबरीची अभ्यासक्रमात औपचारिक नेमणूक, एवढाच नव्हे. ती नेमली आणि परीक्षेत ‘कृष्णविवर म्हणजे काय’ एवढेच विचारले, तर पुन्हा तराजूच हाती आला असे होईल. प्रश्न वेगळे विचारावे लागतील. या कल्पित जगाचे नियम कोणते आणि लेखक ते पाळतो काय? त्या नियमांमुळे आपल्या जगातील कोणती सवयीची गोष्ट विचित्र वाटू लागते? पुराण, बखर, लोककथा यांतील कोणता धागा लेखकाने उचलला आणि त्याला कोणता पीळ दिला? विज्ञानाचा किंवा चमत्काराचा भाग काढून टाकला तर कथा कोसळते काय? शेवटचा प्रश्न विशेष निर्णायक आहे. अद्भुत काढून घेतल्यावरही जी कथा जशीच्या तशी उभी राहते तिला अद्भुताची गरज नव्हती. अद्भुत काढताच जी केवळ मोडते ती युक्तीवर उभी होती. अद्भुत काढताच जिचा मानवी अर्थही हरपतो ती कथा खऱ्या अर्थाने घडलेली कथा होय. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या तिसऱ्या वर्गात बसते. स्पर्धाविजेत्या कथांपैकी पुष्कळ कथा दुसऱ्या वर्गात अडकतात.

समारोप

सारांश, मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या श्रेष्ठत्वाविषयीचा वाद कृतींच्या अभावामुळे नव्हे, तर कसोटीच्या अभावामुळे अनिर्णित राहिला. रिसबुडांनी अद्भुताची निवड करताना क्षमायाचना केली. जी. एं.च्या अद्भुताला दुसरे नाव देऊन मान दिला गेला. धारपांना वाचक मिळाले, समीक्षक मिळाले नाहीत. नारळीकरांना गौरव मिळाला, पण त्यांच्या कथेची घडण त्या गौरवाच्या झळाळीत दिसेनाशी झाली. चारही उदाहरणांत कृती प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याचे काम मागे राहिले.

१९७४ मध्ये एका विख्यात शास्त्रज्ञाने स्वतःचे नाव झाकून, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आपली कथा परीक्षकांपुढे ठेवली. त्या कृतीत मराठी समीक्षेला केलेली एक विनंती होती : नाव बाजूला ठेवा, कथा वाचा. परीक्षकांनी ती मान्य केली होती. पुढील पन्नास वर्षांच्या समीक्षेने ती पुरेशी मान्य केली नाही. आज नारळीकर हयात नाहीत. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ व्याख्याने होतील, विशेषांक निघतील. त्यात त्यांच्या नावाचे वजन पुन्हा एकदा मोजले जाईल, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी लेखकाची कथाही कोणी तरी हातात घेऊन, काठ आणि बूड न्याहाळून पाहिली, तर विनंतीचा मान उशिरा का होईना राखला जाईल.